भागरताचं दूध

माझे आजोबा शालिकराम, म्हणजे आमचे आबा, यांनी आपल्या आईचा चेहरा पाहिला तो न कळत्या वयात. त्यांच्या जन्मानंतर नवव्या दिवशी ती तापाने गेली. ही १९४६ सालची गोष्ट. नागपूरजवळ हुडकेश्वरच्या पलीकडे, आज जिथे बंगले आणि लेआउटचे फलक दिसतात, तिथे आबांचे वडील धोंडबा यांची बारा एकर शेती होती. घर शेतातच होतं. भोवती ज्वारी, कापूस, आणि विहिरीजवळ संत्र्याची सत्तर-ऐंशी झाडं.

नऊ दिवसांचं ते पोर गाईच्या दुधावर तगेना. दोन दिवसांत त्याचं रडणंही थांबलं. तेव्हा भागरता आली. तिचा नवरा धोंडबांकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. ते महार, त्यांची झोपडी शेताच्या कडेला, नाल्याजवळ. भागरताची तुळसा तेव्हा दोन महिन्यांची होती. ती अंगणात उभी राहिली आणि धोंडबांना म्हणाली, "पाटील, पोरगं मरून राहिलं. माह्याजवळ द्या."

धोंडबांनी कोणाला विचारलं नाही. मूल उचलून तिच्या हातात दिलं.

दीड वर्ष आबा भागरताच्या दुधावर वाढले. धोंडबांची आई सुभद्रा हिने ते चालू दिलं, पण एका अटीवर. मूल झोपडीतून परत आलं की उंबऱ्याबाहेर थांबवायचं, लोट्यातलं पाणी त्याच्यावर शिंपडायचं, मगच आत घ्यायचं. दूध सुटलं तरी ही रीत सुटली नाही, कारण आबांचा सगळा दिवस भागरताकडेच जायचा.

तिला ते माय म्हणायचे. ती कापूस वेचायला निघाली की आबा आणि तुळसा तिच्या मागे. संत्र्यांना पाणी सोडलं की दोघं दांडात पाय घालून बसायची. थंडीत भागरता ज्वारीची कणसं भाजायची, गरम दाणे तळहातावर चोळायची, फुंकर मारून भुसा उडवायची आणि पहिली मूठ शालिकरामला द्यायची. तुळसा यावरून भांडायची. भागरता तिला सांगायची की तुझी आई घरी आहे, त्याची नाही.

पाणी शिंपडणं सगळ्यांच्याच घरी असतं, असं आबांना वाटायचं. आठ वर्षांचे असताना चिंचांवरून भांडण झालं आणि रागाच्या भरात तुळसा बोलून गेली, "ते पाणी आमच्यापाई. आमचा विटाळ लागते तुले."

आबांनी भागरताला जाऊन विचारलं, हे खरं का. ती कापूस वेचत राहिली. तुळसा फार बोलते, एवढंच म्हणाली, आणि दिवस मावळायला आला, घरी जा, असं सांगितलं. ती नाही म्हणाली नाही, यावरूनच आबांना काय ते कळलं.

त्या संध्याकाळी सुभद्रा लोटा घेऊन आली, तर आबा अंगणात मातीत बसून राहिले. पाणी टाकणार असशील तर मी मायकडेच राहतो, म्हणाले. बैल सोडून आलेल्या धोंडबांच्या ते कानावर पडलं. ते आवाज न चढवता आईला म्हणाले, "पाणी वरून टाकशील. याच्या हाडात तिचं दूध हाये, ते कसं काढशील वं माय?"

सुभद्राने लोटा उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. पण नंतर तिने कधी पाणी शिंपडलं नाही. धोंडबांना मात्र त्या वाक्याचा अभिमान नव्हता. म्हातारपणी ते म्हणायचे, आठ वर्षं मी पाहतच होतो, पोरगं बोललं म्हणून मी बोललो.

आणि भागरता? तुळसा आजीने मला सांगितलं, की त्या पाण्याबद्दल तिची आई घरात एकच बोलायची: थंडीचे दिवस आहेत, लेकरू ओलं होऊन सर्दी धरेल.

दोन वर्षांनी दसऱ्याला भागरताचं घर दीक्षा घ्यायला नागपूरला निघालं. धोंडबांनी बंडी जुंपून दिली. हट्ट करून आबाही बसले. पांढऱ्या लुगड्यातली माय त्यांना एकदम उंच वाटली होती.

आबा मॅट्रिक झाले, पुढे वीज मंडळात कारकून लागले. १९७१ साली त्यांचं लग्न ठरलं. नवरदेवाच्या आईच्या जागी त्यांची काकू बसणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आबा स्वतः नाल्याकाठच्या झोपडीत गेले. भागरता तयार होईना.

"मले नको बसवू गा. माह्यापाई तुहे लोक उठून जातील."

"जाऊ दे," आबा म्हणाले. "तू नसती तं आज लगन कोणाचं असतं?"

ती बसली. नातलगांची दोन घरं खरोखरच न जेवता उठून गेली. एक चार वर्षांनी परत बोलू लागलं, दुसरं कधीच नाही. आबांना त्याचं वाईट वाटतं, पण पश्चात्ताप नाही.

मायच्या शेवटच्या वर्षांत तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती दोन हिवाळे कोराडीच्या वीज केंद्रात आबांना मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहिली. माझ्या आजीनेच, आबांच्या बायकोने, तिच्या डोळ्यांत औषध घातलं. ती १९९३ मध्ये गेली. बारा एकरांतलं आता काही उरलेलं नाही. आम्ही नागपुरात मनीषनगरला राहतो, आणि तुळसा आजी महिन्यातून एकदा येऊन चार दिवस मुक्काम करते.

माझ्या आत्याचं नाव भागरता आहे. कॉलेजात असताना तिला ते जुनाट वाटायचं; मैत्रिणींना ती 'रता' सांगायची. एकदा आबांनी तिला जवळ बसवून हे सगळं सांगितलं. आज ती वर्ध्याला शाळेत मुख्याध्यापिका आहे, आणि तिच्या दारावरच्या पाटीवर नाव पूर्ण लिहिलेलं आहे.