मेतकुटाचं पहिलं गिऱ्हाईक

सई, तुझ्या बिझनेस प्लॅनमध्ये ग्राहक म्हणून सगळ्या मैत्रिणींची नावं वाचली आणि मला खडकीच्या बँकेतली एक सकाळ आठवली.

मेतकूट विकायचं ठरवून मी दळणयंत्रासाठी कर्ज मागायला गेले होते. माझा धंद्याचा अहवाल नीट इंग्रजीत टाइप केलेला होता. ग्राहकांच्या पानावर नणंदा, शेजारणी, तुझ्या आजोबांच्या ऑफिसातली मंडळी, अशी चाळीस नावं होती. मॅनेजर साहेबांनी ती सावकाश वाचली.

"बाई, यांतल्या किती जणांनी विकत घेतलंय?"

दर दिवाळीला मी सगळ्यांना फुकटच वाटत आले होते.

"मग हे ग्राहक नाहीत, पाहुणे आहेत. आधी दहा जणांना विकून या."

तेव्हा अपमान वाटला. आज वाटतं, तो अहवाल खरोखर वाचणारे तेवढे एकच होते.

बँकेत दाखवायला नेलेलं मेतकुटाचं पाकीट घेऊन मी थेट शेजारच्या वहिनींकडे गेले. त्यांनी सवयीने हात पुढे केला. मी कशीबशी किंमत सांगितली.

"विकत होय? मग आधी चव बघते."

इतकी वर्षं तोंडभर कौतुक करणाऱ्या वहिनी जिभेवर चिमूट ठेवून विचार करू लागल्या आणि मी उघडं पाकीट धरून दारात उभी राहिले.