गणूकाकांचे हात

गणूकाका गेल्याचं त्यांच्या सुनेने, नीताने, फोनवर सांगितलं तेव्हा मी मुलुंडच्या दवाखान्यात एका मांजराला टाके घालत होते. टाके पुरे केले आणि मग खुर्चीत बसले... दीड महिना झाला. लिहायचं टाळत होते, कारण त्यात माझी चूक आहे.

गिरणी सुटल्यावर काकांनी भांडुपच्या टेकडीवर, चाळीमागे, चार शेळ्या पाळल्या. माणूस तोंडाचा फटकळ, पण व्यायला आलेल्या शेळीपाशी आईसारखा बसायचा. जन्मलेलं पिल्लू गोणपाटाने खसाखसा पुसायची त्यांच्या गावची रीत. अंग कोरडं होतं, ऊब येते. एकदा काळी नावाची शेळी व्याली आणि पुसता पुसता पिल्लाची कातडीच गोणपाटाला आली. तोंडात फोड, खुरांशी फोड. काकांनी मला बोलावलं. मी नवखी डॉक्टर, त्यात घाईत. म्हणाले, "काका, किती जोरात घासता हो! जिवंत जीव आहे तो." पिल्लाला आचळ ओढता येईना, म्हणून काका कापसाच्या बोळ्याने दूध पाजत राहिले. चौथ्या दिवशी ते गेलं.

पुढच्या वेताला काकांनी मलमलीच्या जुन्या तुकड्याने पिल्लू नुसतं टिपलं. तरीही फोड आले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. काकांचा बोकड, पिल्लांचा बाप, काळीचाच भाऊ होता. दोघांच्या रक्तात दडलेला दोष पिल्लात एकत्र उतरत होता; कातडी जन्मतःच इतकी कच्ची, की आईने चाटलं तरी सोलून निघावी. मी धावत जाऊन सांगितलं.

"मगे माझ्या हातांचो दोष नाय?"

"नाही काका. माझंच चुकलं."

"बरां झाला सांगितलंस गो बाय," ते म्हणाले, पण बघत होते स्वतःच्या तळव्यांकडे.

बोकड त्यांनी खच्ची करून घेतला. काळी पुन्हा व्याली नाही. पुढे नात झाली. नीताने बाळ पुढे केलं, तर काका हात पाठीमागे बांधून उभे. "ऱ्हवांदे. तुझ्याचकडे ऱ्हवांदे." मी पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली. डोक्याला पटलं होतं, हातांना नाही. मला फार अपराधी वाटलं, अजूनही वाटतं.

परवा नीताला भेटायला गेले. नात आता चार वर्षांची आहे, दारात खेळत होती.

"ताई, त्यांनी हिला कधी उचललं नाही," नीता म्हणाली. "पण दुपारी ही झोपली ना, की ते तो मलमलीचा तुकडा हाताला गुंडाळून हिच्या पायांवरून फिरवायचे... मी बघितलंय."

तो तुकडा अजून खुंटीवर आहे, धुऊन घडी केलेला. मी तो घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.