उडीच्या टोकावरचा फोटो

कन्हानला खाण कामगारांचे व्हॉलीबॉलचे सामने संध्याकाळी चार पिवळ्या बल्बांखाली रंगत. खेळाडू बिचकतात म्हणून फ्लॅशला सक्त मनाई. तरीही नागपूरचे फोटोग्राफर ताराचंद गजभिये यांनी काढलेला फोटो कधी हलत नसे.

"स्मॅश मारणारा उडीच्या टोकाले घडीभर थांबते," ते सांगत. "बटन तवाच दाबाचं."

घरच्या अंधाऱ्या सैपाकघरात मात्र बायको जयवंता दर फोटोत धूसर. चुलीपाशी धूसर, पाट्यावर वाटतानाही धूसर.

"उडणाऱ्याले पकडता, मंग मले काहून नाही?" तिनं एकदा विचारलं.

"तो वर गेल्यावर तरी थांबते. तू थांबली कवा वं?"

ती हट्टानं स्टुलावर बसली. फोटो लख्ख आला. जयवंतानं तो बराच वेळ निरखला.

"अवो, हे पाहुणी कोण बसली?"