इद्रिसने निवडलेला तक्ता

इद्रिससारखा सरळ माणूस साजगावच्या आमच्या कारखान्यात दुसरा नव्हता, आणि सरळ माणसाला फसवायला फार अक्कल लागत नाही. खालापुरातून सायकलने यायचा, टाइम ऑफिसात हजेरी ठेवायचा. रोजंदारीच्या बायका मस्टरवर अंगठा उठवायच्या. ते त्याला बघवत नसे. "आईच्या वयाच्या बाईचा अंगठा धरताना मान खाली जाते," म्हणायचा.

सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर आला. मुंबईच्या विक्रेत्याने हजेरीसाठी दोन प्रोग्रॅम दाखवले. पहिल्यात काळ्या पडद्यावर नुसता एक ठिपका. त्यापुढे इंग्रजीत हुकूम टाइप करायचे, तेव्हा कुठे एक नाव दिसणार. दुसऱ्यात उघडल्याबरोबर अख्खा तक्ता समोर, डावीकडे नावं, वर तारखा. बाणाची कळ दाबत चौकटीवर जायचं. हजर असेल तर एक, नसेल तर शून्य.

इद्रिसच्या शेजारी बसणारा कारकून विठू पहिला प्रोग्रॅम बघूनच घामाघूम झाला. "मला नाय जमायचं रं. नोकरी जाईल माझी." अकरा वर्षांची दोस्ती. इद्रिसने साहेबांशी वाद घालून दुसरा घेतला.

विक्रेत्याने बजावलं होतं, "पहिल्यात कोणी काय बदललं त्याची नोंद राहते. यात नाही राहत. कोणीही बदलेल."

"कोणालाही जमावं म्हणूनच घेतोय," इद्रिस म्हणाला. महिनाभर बसून त्याने विठूला शिकवलं. मस्टर बंद करायलाही त्यानेच लावलं. नवी नवरी जपावी तसा पडदा पुसतो, म्हणून आम्ही फिटर लोक त्याची टर उडवायचो.

त्या वर्षी जनीचे दोनशे चाळीस दिवस भरत होते. तेवढे भरले की रोजंदारीची बाई कायम व्हायची. पदरात दोन पोरी, नवरा परागंदा; बाई अंगात ताप घेऊनही कामावर यायची. इद्रिस तिला धीर द्यायचा, "आता अकराच राहिले."

मार्चमध्ये भरलेल्या दिवसांची यादी लागली. जनीच्या नावापुढे दोनशे एकतीस.

इद्रिसने धावत जाऊन तक्ता उघडला. नऊ चौकटींत एकाच्या जागी शून्य. त्यातल्या एका दिवशी तर त्याने स्वतः तिला तापाची गोळी दिली होती. खाडाखोड नाही, काही नाही, स्वच्छ शून्य. त्याने विठूकडे पाहिलं.

"साहेबांनी सांगितलं," विठू मान खाली घालूनच म्हणाला. "मला हेडक्लार्क करतायत. आनि चुकलं तर वरून लिवायचं, हे तूच शिकवलंस रं."

इद्रिस तडक साहेबांकडे गेला. साहेब शांतपणे म्हणाले, "तिच्या अंगठ्याचं मस्टर आणा, बघू." विठूला बोलावलं, तर तो म्हणाला, मला काही ठाऊक नाही. मला आजही त्या माणसाचं तोंड बघवत नाही.

जनी गेटाशी थांबली होती. इद्रिसने तिला सगळं सांगितलं, विठूचं नाव घेतलं, खुदाची शपथ घेतली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं,

"इद्रिसभाई, तुमाला काय दिलं त्यांनी?"