पोरीचं लायसन आणि कपड्याची दोरी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका रानात दोरी धरली. दोरी कपडे वाळत घालायची, निळी, प्लास्टिकची. एक टोक धरून ती मधल्या खुंटीपाशी उभी, दुसरं टोक घेऊन मी लांब झाडोऱ्यात. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात पोरीचे रबरी बूट, अंगात माझा स्वेटर. रविवारची दुपार होती, पाऊस नव्हता. आयर्लंडात एवढं झालं की माणसं खूश असतात.

पोरगी मलिंगारला राहते. तिथून गाडीनं थोडं गेलं की एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आहे, त्यातली ही गोष्ट. त्या रानात ॲश नावाची झाडं. त्याच्या लाकडाच्या इथं खेळायच्या काठ्या होतात, म्हणून लोकांचा त्या झाडावर जीव. आता त्याला रोग आलाय. शेंड्याकडून वाळत खाली येतं. किती झाडं वाळली हे कळायला सगळं रान मोजत बसत नाहीत. मधे खुंटी ठोकायची, ठरलेल्या लांबीची दोरी घेऊन गोल फिरायचं, त्या गोलात जेवढी झाडं येतील तेवढीच बघायची आणि त्यावरून सगळ्या रानाचा हिशेब. पोरगी ह्याची तालीम करत होती आणि आम्ही दोघं तिचे मजूर.

दोरी कशी फिरवायची ते तिनं सांगितलं होतं. काठावरच्या झाडापाशी दोरी ताणायची, झाड आत येतं का बघायचं, मग दोरी सैल सोडून झाड ओलांडायचं आणि परत ताणायची. मला ते सैल सोडायचं ध्यानात राहिलं नाही. दोरी ताणूनच मी नाकासमोर गोल चालत सुटलो. थोड्या वेळानं बघतो तर दोरी आखूड झालेली आणि मी खुंटीकडं सरकत चाललोय. मधल्या एका झाडाला दोरीचे वेढे बसलेले.

बायको हसून हसून खाली बसली. म्हणाली, "अवो, बास. जन्मभर वटपौर्णिमेला मी तुमच्यासाठी झाडाला सूत गुंडाळलं. आज माझ्यासाठी तुम्ही गुंडाळताय व्हय? तेबी प्लास्टिकचं."

पोरगीही हसली. मी म्हटलं, "दात काढू नका, सोडवा आधी." मग तिघांनी मिळून दोरी सोडवली आणि पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या वेळी जमलं. येताना बायकोनं काट्यातली काळी फळं पदरात भरून आणली, लुगड्याला डाग पाडून घेतले. गाडीत ती पुढं बसली, मी मागं. गाडी लागते म्हणून ती कायम पुढंच बसायची. उंचीनं बुटकी, तिचे पाय टेकावेत म्हणून पोरीनं ती सीट पार पुढं ओढून ठेवली होती.

आता हे लायसनाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पोरगी झाडांच्या कामात आहे. शेतकऱ्यांना काय लावायचं, कधी तोडायचं ते सांगते, आणि सरकारकडं जे अर्ज जातात त्यावर सही करते. सहीला लायसन लागतं. ते दर वर्षी नवं करायचं, आणि नवं करायचं तर वर्षभरात ठरलेले तास काही नवीन शिकल्याचं दाखवावं लागतं. काही तास कॉम्प्युटरसमोर बसून चालतात, काही रानात चिखलात उभं राहूनच करावे लागतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोरीला विचारलं होतं, झाडं काय दर वर्षी नव्या पद्धतीनं वाढतात काय? ती म्हणाली, झाडं नाही आप्पा, रोग नवीन येतात, कायदे नवीन येतात.

मला पटलं नव्हतं. मी गडहिंग्लजला लाकडाच्या वखारीत करवतीवर होतो. एकदा शिकलो ते शिकलो. तसं मी म्हणालो, तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही पहिल्या दिवशी करवत धरली तशीच शेवटपर्यंत धरली. म्हणून तर बोट घालवून आलासा." माझ्या डाव्या हाताचं एक बोट नाही.

बायको शाळेत गेली नव्हती. मी चौथीपर्यंत. पण पोरगी शिकली ती हिच्यामुळं. पोरगी लहान असताना हिची एक रीत होती. पोरगी शाळेतून आली की चुलीपुढं बसायची आणि ही म्हणायची, आज काय शिकवलं ते मला सांग. मला कळलं म्हणजे तुला कळलं. पोरीला आधी वाटायचं, आईला काय कळतंय, थापा मारल्या तरी चालतील. पण ही मधेच विचारायची, "आणि मग?" तिथं पोरगी अडकायची. उठून पुस्तक आणायची. पुढं ती दापोलीला कॉलेजात गेली, मग इकडं डब्लिनला आली, तरी फोनवर तेच. शिकवणीचे तास भरले की आईला फोन. मी बाजूला बसून ऐकायचो. मला अर्ध्यात झोप लागायची. हिला लागत नसे.

ह्या वर्षी रानातल्या शिकवण्या झाल्या तेव्हा पोरगी इथं नव्हती. उन्हाळ्यात बायकोच्या छातीत दुखायला लागलं म्हणून सगळं सोडून गडहिंग्लजला आली. कोल्हापूरला नेऊन हिची तपासणी, औषधं सगळं केलं, आणि बरं वाटल्यावर आम्हा दोघांना बरोबर घेऊन आली. त्यात तिचे रानातले तास राहिले. लायसनाचं वर्ष संपायच्या आत एकच शिकवणी उरली होती, शुक्रवारी, ॲथलोनच्या बाजूला. ती चुकली की लायसन गेलं. परत पहिल्यापासून अर्ज, कागद, मुलाखत. तोवर सही बंद. ज्या म्हाताऱ्याच्या रानात आम्ही दोरी धरली त्याचाही अर्ज तिच्याच सहीवर अडलेला. बायकोला ह्याची फार टोचणी. माझ्या दुखण्यापायी पोरीचं लायसन जाता कामा नये, हे तिनं मला पंचवीस वेळा तरी ऐकवलं असेल. म्हणून तर रविवारी गुडघे दुखत असताना रानात आली.

सोमवारी सकाळी मी आंघोळीला गेलो होतो. हिनं चहा टाकला होता. पोरीला म्हणाली, कसंतरीच होतंय, आणि खुर्चीत बसली. ॲम्ब्युलन्स लवकर आली. दवाखान्यातल्या माणसांनी करायचं ते सगळं केलं. दुपारपर्यंत संपलं. ह्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

इथं लगेच उरकत नाहीत. गुरुवारी दहनाला डब्लिनला नेलं. तिथं चिता नाही, लाकूड नाही. जन्मभर वखारीत लाकूड कापलं, बायकोला एक ढलपी घालता आली नाही. पडदा सरकला आणि झालं. पोरीनं आईच्या हातात वाळवलेलं तुळशीचं पान ठेवलं होतं. मी काय करावं ते न कळून टोपी काढली आणि परत घातली.

तो म्हातारा शेतकरी बुधवारीच घरी येऊन गेला होता. हातात अंड्याच्या सँडविचचा मोठा ट्रे. माझा हात धरून इंग्रजीत काहीतरी बोलला. पोरीनं सांगितलं, तुमच्या ह्या त्रासाचं वाईट वाटतं, असं म्हणतात इथं. मला ते आवडलं. आत्मा अमर आहे, देवाची इच्छा, असलं काही नाही. त्रास आहे तर त्रास म्हणाला. अर्जाचा विषय त्यानं काढला नाही. पोरीनं काढला, तर झाडं कुठं पळून जात नाहीत म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

गावाकडच्या बायका फोनवर पोरीला म्हणाल्या, अहेव गेली, भाग्यवान. वटपौर्णिमा पावली म्हणायची. असेल. सूत गुंडाळून तिनं मला मागं ठेवायची व्यवस्था केली. ह्यात कुणाचं भाग्य ते मला अजून कळलेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी डब्लिनहून परत आलो. थोरल्या भावाचा फोन आला. सुतक आहे, पोरीला कुठं बाहेर सोडू नकोस, दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हटलं, दादा, ह्या घराला उंबराच नाही. त्याला राग आला. येऊ दे.

पोरगी टेबलाशी बसली होती. समोर सँडविचचा ट्रे तसाच. मी विचारलं, "उद्या तुझं ते रानातलं हाय नव्हं?"

"नाही जायचं."

मला वाटलं भावाचं ऐकून म्हणते. म्हटलं, सुतक-बितक मी बघतो. ती म्हणाली, सुतकाचं नाही. मी म्हटलं, आईला मरताना एकच काळजी होती, तुझं लायसन. हे मी बोलायला नको होतं बहुतेक, कारण तिचा चेहरा एकदम लहानपणीचा झाला.

"तुम्हाला एकट्याला ह्या घरात सोडून मी जाणार नाही, आप्पा," ती म्हणाली. "आणि जाऊन आले तर सांगू कुणाला?"

मी उठून कपबशा विसळल्या. ती लायसन गेलं तरी चालेल अशा बेतानं झोपायला गेली. मी पडून विचार केला. मला एकट्याला सोडायचं नाही म्हणते, त्याचं काहीतरी करता येण्यासारखं होतं. सांगू कुणाला म्हणते, ते मला जमेल असं वाटत नव्हतं. बायको ऐकायची तसं ऐकायला अंगात काहीतरी लागतं.

सकाळी लवकर उठलो. चहा केला. साखर जास्त पडली. अंड्याची सँडविचं डब्यात भरली. दाराशी माझे आणि बायकोनं घातलेले बूट शेजारी शेजारी होते, त्यावर रविवारचा चिखल वाळलेला. माझे घातले, तिचे तिथंच ठेवले. खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. दोरी गाडीच्या डिकीतच होती, ती काढून गुंडाळून मांडीवर घेतली आणि सवयीनं मागच्या सीटवर जाऊन बसलो. बसल्यावर कळलं की पोरीला हाक मारायची राहिली. मग दोन सीटांच्या मधून वाकून हॉर्न दाबला. शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

पोरगी झोपेच्या कपड्यातच बाहेर आली. काच खाली करायला मला येत नाही, म्हणून दार उघडलं.

"कुठं निघालात?"

"ॲथलोनला. दोर कोण धरणार?"

"तिथं सगळ्यांकडं मोजायच्या टेप असतात, आप्पा."

"टेपला पण दोन टोकं असतात."

तिनं डोळे पुसले, कुत्र्याला गप्प म्हणाली आणि आत गेली. मी तसाच बसून राहिलो. येते की नाही कळेना. उतरलो असतो तर बहुतेक आलीच नसती. थोड्या वेळानं ती बूट घालून, जॅकेट चढवून, केस बांधत आली. माझ्या हातातला डबा बघितला आणि म्हणाली, "मागं काय बसलाय? पुढं या."

पुढं बसलो. सीट ओढलेली तशीच होती. माझे गुडघे समोरच्या फळीला जाऊन टेकले. पोरीनं बघितलं. खाली खटका आहे, तो ओढा, सीट मागं जाईल, असं म्हणत तिनं हात पुढं केला.

मी म्हटलं, "राहू दे. तू गाडी काढ. आन् आज काय शिकवणार हाईत ते जाता जाता मला सांग."

"झोप लागेल तुम्हाला."

"गुडघे असे असताना कशी लागंल?"

तिनं गाडी काढली. गाव संपलं. मग सांगायला लागली, आधी हळू, मग नेहमीसारखी. रोगी झाडात एखादं झाड धडधाकट राहतं, ते कसं ओळखायचं, त्याला का तोडायचं नाही. मला निम्मं कळलं. ती थांबली की मी म्हणायचो, "आणि मग?"

ॲथलोन येईपर्यंत गुडघे तसेच टेकलेले होते.