फोनवरचा खोकला

"भाऊ, हे गेले. सकाळी सहाले." सुनंदावहिनी फोनवर एवढंच बोलल्या. 'तब्येत जरा नरम आहे, येऊन जा' असलं काही नाही. दिवाकरच्या घरात वाईट बातमी अशीच, सरळ सांगतात. ही रीत त्यानंच घालून दिली होती, आणि ती त्याला का घालावी लागली हे मला ठाऊक आहे. दीड महिना झाला त्याला जाऊन. एवढे दिवस लिहायला हात धजत नव्हता…

आम्ही वैनगंगेकाठच्या एकाच गावचे, शाळेत एकाच बाकावरचे. मी ब्रह्मपुरीला प्राध्यापक झालो, गावातूनच ये-जा करायचो; तो आयटीआय करून मालवाहू जहाजावर गेला. आमच्याकडची पोरं फार तर घुग्घुसच्या खाणीत लागतात, नाहीतर मोहर्लीला जंगल सफारीची जिप्सी चालवतात. समुद्रावर गेलेला हा एकटाच. सुट्टीवर आला की विहाराच्या ओट्यावर त्याच्याभोवती बैठक जमायची. इंजिनरूममध्ये एवढा आवाज की माणसं हातवारे करूनच बोलतात, बंदर लागलं तरी जमिनीवर पाय ठेवायला मिळतात ते दोन तास, आणि त्यातला एक फोन शोधण्यात जातो… कुणीतरी विचारलं, "पान्याची भेव नाई लागत?" तो म्हणाला, "पान्याची नाई लागत. घरच्या फोनची लागते."

धान लोंबीवर आलं होतं तेव्हा त्याचे बाबा गेले. तीन दिवसांचा ताप, बस. आई तर तो लहान असतानाच गेलेली, आणि लग्न अजून व्हायचं होतं. जहाज कुठल्याशा समुद्राच्या मधोमध, उतरायला चार महिने बाकी. त्याचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणाले, "तिकडं पोराले कोन सांभाळन? आल्यावर सांगू." दिवाकर फोन माझ्याच मोबाइलवर करायचा, म्हणून खोटं बोलायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या फोनला मी सांगितलं, बाबा झोपलेत. दुसऱ्याला, रानडुकरांपासून धान राखायला शेतावर गेलेत. तिसऱ्या वेळी तो अडूनच बसला. "आज बाबाचा आवाज आयकल्याबिगर फोन ठेवत नाई."

"घसा बसला आहे रे त्यांचा."

"मंग नुसतं खोकलू दे."

मी फोन हातभर लांब धरला आणि बाबांसारखा खोकलो. दोनदा, मग जरा थांबून एकदा. समोर बसलेल्या मोठेबाबांनी मान खाली घातली. पलीकडे दिवाकर हसला. "बस झालं. आता चार दिवस बरे जातीन."

तो आला तेव्हा ब्रह्मपुरीच्या स्टँडवर मीच घ्यायला गेलो. बाबांना धान राखायला म्हणून त्यानं लांब झोताची बॅटरी आणली होती. तिथंच, बाकावर बसवून, मी त्याला सांगितलं. तो रडला नाही. त्यानं आधी तारीख विचारली, बोटांवर दिवस मोजले आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग तो खोकला कोनाचा होता?"

मी म्हणालो, "मोठेबाबांचा."

का म्हणालो? कारण त्याचे डोळे मला सोसवले नाहीत. त्यानं बॅटरी परत पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "आमच्या जहाजावर एका फिटरची माय मेली. कॅप्टननं सगळ्याईले डेकवर बोलावलं. कुकनं त्याच्या गावासारखा भात रांधला. वीस जन त्याच्यापाशी बसून होते. मी तिथी एकटा नव्हतो, अरुण. तुमी मले इथी आनून एकटं केलं."

त्यानंतर मोठेबाबा गेले त्या दिवसापर्यंत तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. अंगण एक, बोलणं बंद. तो खोकला मी त्यांच्या नावावर टाकला, हे मोठेबाबांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "राहू दे. त्याले तू पायजे. माहं का, आज हाव उद्या नाई." मी ते मुकाट्यानं मान्य केलं, खरं तर सुटल्यासारखंच वाटलं. त्यांच्या अंत्ययात्रेत दिवाकर रस्त्याच्या कडेला उभा राहिला, खांदा द्यायला आला नाही. मी दिला. दर सफरीनंतर तो आधी माझ्या घरी यायचा, आणि दर वेळी मी ठरवायचो, आज सांगू…

तो गेल्यावर महिन्याभरानं मी हे वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले सांगून का होते, भाऊ? ज्याले सांगाचं होतं तो गेला. मोठेबाबाची पोरगी लीला घुग्घुसले आहे. तिले सांगा."

दुसऱ्याच दिवशी गेलो. लीलानं सगळं ऐकून घेतलं. आत गेली, पाण्याचा गिलास घेऊन आली. "मले माहीत आहे. बाबा सांगून गेले होते. म्हने, अरुण येईन कधीतरी. त्याले बोलू नको, पानी दे."

परतताना वहिनींकडे गेलो. स्वयंपाकघरातल्या फळ्यांच्या कडेला दिवाकरनं लाकडी पट्ट्या ठोकल्या आहेत, जहाज कललं तरी भांडी घसरू नयेत तशा. वहिनींनी चहा दिला. लीला काय म्हणाली ते मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझा रिकामा कप धुतला, फळीवर पट्टीच्या आत सरकवून ठेवला आणि म्हणाल्या, "घर कुठी हलते म्हना. पन पट्ट्या राहू देते."