बारा माणसं, चौदा दिवस

मधुमिता रंगाऱ्यांच्या घरातली. आजोबांपर्यंत त्यांनी म्हैसुरात कापड रंगवलं, छापलं. पुढे कुणी शिलाई मशीन घेतली, कुणी कारकुनी धरली. ही म्हैसुरातल्याच हेब्बाळच्या एका कंपनीत ठेक्यावर लागली आणि अकरा वर्षं तिने एकच काम केलं. दुसऱ्यांनी बनवलेली मोबाइल अ‍ॅप्स तपासायची आणि ती पक्की झाली की स्टोअरमधून लोकांसाठी सोडायची. ती एकदम कधीच सोडत नसे. आधी शंभरातल्या पाच फोनांवर, मग एक दिवस थांबून वीसवर. तिच्या टेबलाच्या खणात नऊ जुने फोन होते, काचा तडकलेले. "नव्या फोनवर सगळंच चालतं अक्का," ती मला म्हणायची, "माझं गिऱ्हाईक तडकलेल्या काचेवालं."

अकरा वर्षांनी कंपनीने माणसं कमी केली तेव्हा पहिलं नाव तिचं होतं. ठेक्यावरच्यांना निरोप देताना केकसुद्धा कापत नाहीत.

मी त्याच कंपनीत झाडूपोछा करते आणि ठेक्यावरच्या बायकांची संघटना चालवते. येलवालची सुमा त्यातली एक. सकाळी सहाच्या बसने यायची, दिवसभर संडास धुवायची, आणि महिन्याच्या शेवटी हजेरीपटावर तिच्या नावापुढे तीन-चार खाडे. "मी आले होते," म्हणायचं कुणाला? हजेरी लिहिणार ठेकेदार व्यासराज, आणि तक्रार गेली की वाचणारही तोच.

त्यात व्यासराजने जाहीर केलं की आता हजेरी त्याच्या अ‍ॅपवर होणार आणि त्यातली नोंद शेवटची. आम्ही चाळीसजणी गेटवर बसलो. तिसऱ्या दिवशी कंपनीचा एचआरवाला बाहेर आला. पंधरा ऑक्टोबरपासून बायकांची स्वतःची नोंदही धरू म्हणाला, पण अट घातली. ती नोंद स्टोअरमध्ये सगळ्यांना दिसणाऱ्या अ‍ॅपमधली हवी. "व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी फाईल आणाल तर गेटातच परत पाठवीन. आणि पंधराला नसेल तर ठेकेदाराचंच अ‍ॅप कायम."

आम्हाला हे जमणार नाही असं त्याला वाटलं होतं. मी तडक मधुमिताच्या घरी गेले. तीन आठवड्यांत तिने अ‍ॅप उभं केलं. नाव 'नन्न हाजरी', कन्नडमध्ये माझी हजेरी. गेटवर फोटो काढायचा, वेळ आपोआप पडते, खोडता येत नाही. सुमाच्या जुन्या फोनवर ते चाललं तेव्हा सुमा म्हणाली, "व्यासराजच्या तोंडावर मारायला पाहिजे हा फोन." मधुमिता म्हणाली, "मारू नकोस गे, आधीच काच गेलीय."

मग स्टोअरचा नियम पुढे आला. एकट्या माणसाच्या नव्या खात्यावरून अ‍ॅप टाकायचं तर आधी बारा जणांनी परीक्षक म्हणून नाव नोंदवायचं आणि सलग चौदा दिवस त्यात राहायचं. त्यानंतर परवानगीचा अर्ज, त्याचा आठवडा. नोंदलेल्या संस्थेच्या खात्याला ही अट नाही.

"तुमची संघटना नोंदलेली आहे ना अक्का?" तिने विचारलं.

नव्हती. सरकारी कागदावर सही करून मी कुणाची मिंधी होणार नाही, असं मी दहा वर्षं भाषणांत सांगत आलेय. तिलाही तेच ऐकवलं. ती वहीत बारा नावं लिहायला लागली.

बायकांचे फोन तिने घेतले नाहीत. व्यासराजची माणसं गेटवर फोन बघतात, वेळेआधी कळायला नको. पाच जण तिने बाहेरचे जमवले, त्यात मी एक. सात घरचे: काका दामोदरराव, काकू तुंगाबाई, भाऊ, भावजय, तीन चुलतभाऊ. दामोदरराव रेशमाच्या कारखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, इंग्रजी स्वच्छ वाचणारे. वीस सप्टेंबरला बारा पूर्ण झाले. तिने सगळ्यांना बजावलं, "अ‍ॅप काढायचं नाही, रोज उघडायचं. चार ऑक्टोबरपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

एक ऑक्टोबरला आयुधपूजा आली. त्या दिवशी म्हैसुरात प्रत्येक जण आपलं अवजार धुतो, पुजतो आणि त्याला विश्रांती देतो. स्कूटरच्या चाकाखाली लिंबू, दारात कोहळा. मधुमिताच्या घरी आजोबांचे छापे आणि तांब्याचं रंगाचं भांडं पाटावर मांडतात. शेजारी शिलाई मशीन, तिचा लॅपटॉप, सगळ्यांचे फोन. आणि त्या घरचा एक जुना दंडक आहे: भांड्यात अर्धं रंगलेलं कापड ठेवून पूजा करायची नाही. एक तर पुरं करा, नाही तर बाहेर काढा.

आदल्या संध्याकाळी दामोदररावांनी सगळे फोन गोळा केले, पुसले. पुसता पुसता चष्मा लावून एकेक उघडून पाहिला. पुतणीच्या अ‍ॅपच्या पानावर स्टोअरने लिहिलेलं होतं: हे अ‍ॅप अजून पूर्ण झालेलं नाही, तुम्ही त्याचे परीक्षक आहात. खाली बटन: परीक्षकांतून बाहेर पडा.

अर्धं काम अवजारात ठेवून पूजा कशी करायची? त्यांनी ते बटन दाबलं. सातही फोनांवर, एकामागून एक. अ‍ॅप काही काढलं नाही, पोरीने काढू नको सांगितलं होतं ना. सातही फोनांवर चित्र होतं तिथेच राहिलं, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

पूजेच्या दिवशी मधुमिताने लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि उघडला नाही. दोन तारखेला दसरा आटोपून उघडला तेव्हा बाराच्या जागी पाच.

मला फोन आला. मी गेले तेव्हा ती फोनांच्या ओळीसमोर बसली होती.

"काका, तुम्ही काय केलंत?" मीच ओरडले.

"काय केलं म्हणजे? अर्धं होतं ते बाहेर काढलं. परत आत जायचं बटनही आहे की! हे बघ, दाबतो." म्हातारा भराभरा दाबायला लागला. "सातही आत. आयतु? झालं ना?"

"आयतु नाही काका," मधुमिता म्हणाली. "सलग चौदा पाहिजेत. आजपासून पुन्हा एक."

"अय्यो, मग त्यांना चिठ्ठी लिही. घरात पूजा होती म्हणून लिही. माणसंच आहेत ना तिथे?"

तिने लिहिलीही. उत्तरात नियमाचं तेच पान आलं.

मी त्यांना नको नको ते बोलले. चाळीस बायकांचं पोट तुमच्या सोवळ्यापायी गेलं, असंही. तुंगाबाईंनी मला दारापर्यंत पोचवलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही कागदावर सही केली असती तर आमचे फोन कशाला लागले असते?" मधुमिताने घरात सांगितलं होतं तर. मी चप्पल घातली आणि निघाले.

पंधरा ऑक्टोबरला व्यासराजचं अ‍ॅप आलं. त्याची कंपनी नोंदलेली, त्याला दोन दिवस लागले. आमचं अ‍ॅप महिनाअखेरीला आलं. एचआरवाल्याने तारीख दाखवली आणि फाईल मिटली. बायकांनी व्यासराजच्या कागदावर अंगठे दिले, सुमाने सही केली. एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

नोव्हेंबरात कळलं, व्यासराजचं अ‍ॅप बनवणाऱ्या ऑफिसात मधुमिता लागली. मी भांडायलाच गेले.

"लाज वाटली नाही?"

"वाटली." ती फोन पुसत होती. "अक्का, त्यांचं अ‍ॅप जुन्या फोनवर बंद पडत होतं. बंद पडलं की खाडा. सुमाचे दोन तसेच पडले. मी गेल्यावर ते थांबलं."

"मग उपकार केलेस म्हणायचं."

"पुरतं ऐका. या आठवड्यात नवी आवृत्ती गेली. आता बायकांना मागच्या दिवसांची हजेरी दिसत नाही, फक्त आजची. मागची व्यासराजलाच दिसते. ती सोडायचं बटन मी दाबलं. आधी पाच टक्के, मग वीस, मग सगळीकडे. एकही फोन बंद पडला नाही."

"तू नाही म्हणायचं होतंस!"

"मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी एकदम सगळीकडे सोडलं असतं. पुन्हा खाडे पडले असते." तिने फोन खाली ठेवला. "नाही म्हणायला पाठीशी कुणीतरी लागतं, अक्का. कागदावरचं."

आत दामोदरराव खोकले. ते बाहेर आले नाहीत. मी गेले की ते हल्ली आतच बसतात.

सुमाच्या नावापुढे डिसेंबरात पुन्हा तीन खाडे आले. या वेळी ती "मी आले होते" असंही म्हणाली नाही. दाखवायला तिच्या फोनमध्ये आजच्याशिवाय एकही दिवस नव्हता.

संघटनेच्या नोंदणीचा अर्ज मी आणलाय. त्यावर सात सह्या लागतात. पाच बायकांच्या मिळाल्या, बाकीच्या व्यासराजला घाबरतात; सहावी माझी. सातवी कुणाकडे मागायची ते मला माहीत आहे. तीन वेळा दामोदररावांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले.